जड माल एकट्याने उचलण्याआधी: गोदामात, दुकानात नव्याने लागलेल्यांसाठी

गोदाम, हार्डवेअरचं दुकान, औषधांची एजन्सी, केटरिंग, फर्निचरची डिलिव्हरी, यातलं कुठलंही काम नव्याने धरलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "तेवढं उचलून तिकडे ठेव." सांगणारा पुढे निघून जातो. आजूबाजूला हात लावायला कुणी नसतं. नवा माणूस वाकतो आणि उचलतो, कारण मदत मागितली तर "याच्याने होत नाही" असा शिक्का बसेल, अशी त्याला भीती वाटते. अशा वेळी वाकण्याआधी काय पाहायचं, एकट्याने काय उचलायचं, काय जागेवरच ठेवायचं आणि ते वरच्या माणसाला कसं सांगायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

दुसरा माणूस किंवा ट्रॉली मागणं हा कामाचाच भाग आहे. मार्केट यार्डात वीस-वीस वर्षं हमाली करणाऱ्या टोळीचं काम एकदा उभं राहून पाहा. ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालणारा माणूस ते जमिनीवरून एकट्याने उचलत नाही. दोघं पोतं उचलून त्याच्या पाठीवर देतात, तो चालतो आणि थप्पीपाशी आणखी कुणी ते उतरवून घेतो. गाडी खाली करताना गाडीची फळीच खांद्याच्या उंचीवर असते, त्यामुळे पोतं वाकून घ्यावं लागत नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसांचं कामही असं टोळीवर उभं असतं, आणि नव्याने आलेला मुलगा मात्र स्वतःला सिद्ध करायला तेच पोतं जमिनीवरून एकटा ओढतो. हे थांबायला हवं, आणि ते थांबवणं पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात आहे.

आधी वजनाची ओळख करून घ्या

पहिल्या दोन-तीन दिवसांत आपल्याकडे येणाऱ्या मालाची वजनं पाठ करून टाका. सिमेंटची गोणी ५० किलो. युरियाची ४५, डीएपीची ५०. साखरेचं पोतं ५० किलो. घरगुती सिलिंडरवर १४.२ किलो लिहिलेलं असतं ते फक्त आतल्या गॅसचं; टाकीच साधारण १५-१६ किलोची असते, म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो. हॉटेलात येणाऱ्या सिलिंडरवरचे १९ किलोही तसेच, टाकी सोडून. २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे २० किलो पाणी आणि वर जार. ऑफिसात काम करणाऱ्यांना कागद हलका वाटतो, पण ए-फोर कागदाचं ७५ जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पाचशे कागदांचं एक रीम २.३ किलोचं असतं. दहा रीमचं खोकं २३ किलोच्या पुढे जातं आणि दिसायला ते लहानच असतं.

लहान आणि जड अशा मालाची वेगळी नोंद ठेवा: टाइल्स, पुस्तकं, नट-बोल्ट, बॅटऱ्या, वायरची बंडलं, फाइल्सची खोकी. यात नवा माणूस फसतो. खोकं बघून शरीर दहा किलोची तयारी करतं, हातात येतात तीस, आणि कंबरेत चमक भरते.

खोक्यावर नेट आणि ग्रॉस असे दोन आकडे छापलेले असतील तर ग्रॉस पाहायचा. उचलायचं आहे ते वेष्टनासकट. काहीच लिहिलं नसेल तर मालासोबत आलेलं डिलिव्हरी चलन पाहा, काटा असेल तर काट्यावर ठेवा. तेही शक्य नसेल तर पायाने हलकेच ढकला, मग एकच कोपरा दोन बोटं उचलून पाहा. खोकं सरकतच नसेल तर ते तुमच्या एकट्याचं काम नाही. कोपरा उचलून पाहताना वजन कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. मोटर, कॉम्प्रेसर, मिक्सर असलेल्या यंत्रात सगळं वजन एकाच बाजूला असतं; ती बाजू अंगाकडे घ्यायची. अर्धा भरलेला कॅन किंवा ड्रम असेल तर आतला पातळ माल हेलकावे खातो आणि तोल नेतो. वजन कमी असूनही तो पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड असू शकतो.

एकट्याने किती?

इमारत बांधकामाच्या केंद्रीय नियमांत (१९९८) एका माणसाने हाताने, डोक्यावर, पाठीवर किंवा खांद्यावर वाहायच्या वजनाची कमाल मर्यादा दिली आहे: प्रौढ पुरुष ५५ किलो, प्रौढ स्त्री ३० किलो, किशोरवयीन मुलगा ३०, किशोरवयीन मुलगी २०. ५५ हा आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतही आहे. त्याच वर्षीच्या कमाल वजनाच्या कराराला भारताने २०१० मध्ये मान्यता दिली.

हे आकडे नीट समजून घ्या, कारण कामावर त्यांचा उलटा अर्थ लावला जातो. "पंचावन्नपर्यंत कायद्याने चालतं, उचल" असं कुणी सांगितलं तर तो अर्थ चुकीचा आहे. ५५ ही छताची उंची आहे, त्यावर जाताच येत नाही. त्याखालचं सगळं प्रत्येकासाठी, दिवसभर, कुठल्याही उंचीवरून सुरक्षित आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

रोजच्या कामासाठी ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याची मार्गदर्शक तालिका मला जास्त उपयोगी वाटते. तो तिथलाही कायदा नाही, आपला तर नाहीच, पण ती वजनाबरोबर उंची आणि अंतर पाहते. त्या तालिकेप्रमाणे पुरुषाने कंबरेच्या उंचीला, अंगाजवळ धरून २५ किलोपर्यंत उचलणं बहुतेकांना झेपतं. तेच हात लांब करून धरलं तर १५. जमिनीलगत असेल तर अंगाजवळ १०, हात लांब करून फक्त ५. डोक्याच्या उंचीलाही तेच १० आणि ५. स्त्रियांसाठी कंबरेच्या उंचीला अंगाजवळ १६, जमिनीलगत ७, आणि जमिनीलगत हात लांब असतील तर ३ किलो. शिवाय हे आकडे अधूनमधून उचलण्यासाठी आहेत. मिनिटाला पाच-सहा वेळा उचलायचं असेल तर ते आणखी खाली येतात.

एकच खोकं टेबलावर असताना एकट्याचं असतं आणि जमिनीवर असताना दोघांचं होतं. इतका फरक का पडतो, ते कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

पहारीने दगड उचलताना आपण पहारीचा लांब भाग हातात धरतो, म्हणून थोड्या जोरात मोठा दगड हलतो. पाठीचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. कंबरेच्या मणक्यामागचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर अंतरावरून ओढतात, आणि हातातलं वजन मात्र पुढे पंचवीस, चाळीस, पन्नास सेंटिमीटरवर असतं. २० किलोचं खोकं मणक्यापासून २५ सेंटिमीटरवर धरलं तर ते सावरायला स्नायूंना साधारण १०० किलोच्या जोराने ओढावं लागतं. तेच खोकं ५० सेंटिमीटरवर गेलं की २०० किलो. यात पुढे वाकलेल्या तुमच्या धडाचं वजन अजून धरलेलं नाही. हा सगळा दाब मणक्यांमधल्या गादीसारख्या चकत्यांपैकी खालच्या दोन चकत्यांवर येतो, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्या मणक्याखालची. सायटिकाचं, म्हणजे कंबरेतून पायात कळ जाण्याचं, दुखणं घेऊन येणाऱ्यांत बहुतेकांची याच दोनपैकी एक चकती सरकलेली असते. दाब असताना कंबर पिळली, म्हणजे पाय जागेवर ठेवून वरचं धड बाजूला वळवलं, तर चकतीच्या बाहेरच्या कड्यावर ताण आणखी वाढतो.

हात लावण्याआधी

ठेवायची जागा आधी मोकळी करा, मग उचला. ३० किलोचं खोकं छातीशी धरून "कुठे ठेवू?" असं विचारत उभं राहणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि तो रोज घडतो. रस्ता एकदा रिकाम्या हाताने चालून पाहा: पट्टीचे तुकडे, सांडलेलं तेल, उघडं गटार, अर्धवट बंद शटर, पायरीची उंची. पावसाळ्यात लोडिंग डॉकची लोखंडी फळी ओली असते, त्यावर गोणपाट टाकायला सांगा. पायात चप्पल नको. पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज मालकाने द्यायचे असतात.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा.

माल फोडता येईल का? खोकं जागेवरच उघडून आतला माल चार फेऱ्यांत नेला तर वेळ थोडा जास्त लागतो, पण प्रत्येक फेरीचं वजन पाव होतं. दुकानात हे जवळजवळ नेहमीच शक्य असतं. "सील फोडू नका" असा नियम असेल तर मात्र विचारून घ्या.

चाकं मिळतील का? दोन चाकांची हातगाडी, चार चाकांची ट्रॉली, हँड पॅलेट (पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी चौकट; ती मालासकट उचलून नेणारी हाताची गाडी), ड्रमची ट्रॉली, यांपैकी काय कुठे ठेवलेलं असतं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ट्रॉली असते, पण एका चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं आणि ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. ती दुरुस्त करून मागा. सेठला तो खर्च माणूस महिनाभर घरी बसण्यापेक्षा स्वस्त पडतो, हे त्यालाही समजतं. ट्रॉली ओढण्यापेक्षा ढकला. ढकलताना अंगाचं वजन कामाला येतं आणि पुढचं दिसतं. ओढताना कंबर वळते आणि चाक टाचेवर येतं. माल डोळ्यांच्या वर रचू नका. उतारावर भरलेली हँड पॅलेट एकट्याने कधीच न्यायची नाही. एकदा सुटली की ती हाताने थांबत नाही, आणि थांबवायला गेलेला माणूस भिंतीत आणि मालात सापडतो.

थांबता येईल का? दहा मिनिटांत दुसरा हेल्पर चहावरून येणार असेल तर माल तसाच राहू द्या.

तिन्हींचं उत्तर "नाही" असेल आणि माल तुमच्या मर्यादेबाहेरचा असेल, तर तो उचलायचा नाही. अशा वेळी काय बोलायचं ते पुढे येतंच.

एकट्याने उचलताना

मर्यादेतला माल असेल तर असा उचला. खोक्याच्या अगदी जवळ उभे राहा, पाय खांद्याइतके फाकवून, एक पाऊल किंचित पुढे. गुडघ्यातून आणि खुब्यातून खाली जा. पूर्ण उकिडवं बसायची गरज नाही, तिथून वर येताना गुडघ्यांवर फार जोर येतो. पाठीचा नैसर्गिक बाक तसाच राहू द्या, कुबड काढू नका. एक हात खोक्याच्या खालच्या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या तिरप्या वरच्या कोपऱ्यात. खोकं आधी अंगाकडे ओढा, पोटाला लागलं की मग पायांच्या जोरावर सावकाश उठा. झटका द्यायचा नाही. उठताना श्वास सोडा, दम कोंडून ठेवू नका. वळायचं असेल तर पावलं टाकत वळा, पायांची बोटं जिकडे, नाक तिकडे.

माल तुमच्या नजरेच्या वर जात असेल आणि पुढचं दिसत नसेल, तर वजन कितीही कमी असो, तो एकट्याने न्यायचा नाही.

जमिनीवरची गोणी हा वेगळाच विषय आहे. खोक्याला कोपरे असतात, गोणीला नसतात. माल आत सरकतो, पकड सुटते आणि हात लांब होतात. ५० किलोची गोणी जमिनीवरून एकट्याने उचलायची नाही, एवढा एकच नियम या लेखातून लक्षात ठेवलात तरी चालेल. दोघांनी चार कोपरे धरून ती गुडघ्याइतक्या फळीवर किंवा पॅलेटवर घ्या, तिथून पाठीवर किंवा खांद्यावर. काम रोजचं असेल तर सुपरवायझरला सांगा की गोण्या थेट जमिनीवर न उतरवता दोन-तीन पॅलेट एकावर एक ठेवून त्यावर उतरवा. या एका बदलाने दिवसभराचं वाकणं बरंच कमी होतं. गोणी ओढायचा लोखंडी आकडा कुणी शिकवल्याशिवाय वापरू नका. गोणपाट फाटलं की जोर लावणारा मागे पडतो.

सिलिंडर आडवा करून लाथेने ढकलत नेणं किंवा गाडीवरून जमिनीवर आदळणं, हे दोन्ही धोक्याचं आहे; पाठीसाठीही आणि झडपेसाठीही. तो उभाच, ट्रॉलीला पट्ट्याने बांधून न्या.

रॅकमध्ये खांद्याच्या वर जड माल ठेवायला सांगितलं तर तशी मांडणीच बदलायला सुचवा. जड माल गुडघा ते छाती यांच्यामध्ये, हलका वर आणि अगदी खाली. शिडीवर दोन्ही हातांत खोकं घेऊन चढायचं नाही. एक हात कायम शिडीला हवा, आणि एका हातात मावत नाही तो माल वरून दुसऱ्याला द्यायचा किंवा घ्यायचा.

कंबरेच्या पट्ट्याबद्दल विचारणा नेहमी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये यावर अहवाल दिला होता: धडधाकट कामगाराने पट्टा लावल्याने पाठीची इजा टळते, याला पुरेसा पुरावा नाही. पट्टा लावला की माणसाला बळ आल्यासारखं वाटतं आणि तो जास्त उचलायला जातो, ही भीती मलाही रास्त वाटते. डॉक्टरने सांगितला असेल तर लावा. मालकाने दुसऱ्या माणसाऐवजी पट्टा दिला, तर तो पर्याय नव्हे.

दोघं मिळून

दोघांनी उचललं म्हणजे ताकद दुप्पट झाली, असं होत नाही. ब्रिटनच्या त्याच मार्गदर्शकाप्रमाणे दोघांची मिळून क्षमता त्यांच्या बेरजेच्या साधारण दोन तृतीयांश धरायची, तिघांची निम्मी. आपल्या बांधकाम नियमांत मर्यादांची पूर्ण बेरीज मान्य आहे, पण दोन माणसांची पावलं, उंची आणि वेळ कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून दोन तृतीयांशाचा हिशेब डोक्यात ठेवा.

शक्यतो सारख्या उंचीचे दोघं घ्या. कोण बोलणार ते आधी ठरवा, बोलणारा एकच. "एक, दोन, तीन" म्हटल्यावर तीनवर उचलायचं की तीननंतर, हेसुद्धा ठरवून घ्या. अर्ध्या सेकंदाच्या फरकाने सगळं वजन एकाच्या कंबरेवर येतं. ठेवतानाही तसंच मोजा. जिन्यावर खालच्या माणसावर जास्त भार येतो, तिथे जास्त ताकदीचा माणूस हवा, आणि उलटं चालणाऱ्याला प्रत्येक पायरी तोंडाने सांगत राहायचं. कुणाचीही पकड सुटायला लागली तर "खाली" असं ओरडायचं आणि दोघांनीही लगेच टेकवायचं. माल फुटला तर फुटू दे. निसटणाऱ्या फ्रिजला अंगावर झेलायला जाऊ नका.

रात्रपाळी, डिलिव्हरी, आणि कुणीच नसताना

एकट्याने काम करण्यातला दुसरा धोका उचलण्यानंतरचा आहे. पाय घसरला, थप्पी अंगावर आली, तर कळणार कुणाला? रात्रपाळीत एकटे असाल तर वॉचमनशी किंवा दुसऱ्या शेडमधल्या माणसाशी ठरवून घ्या की दर अर्ध्या-एक तासाने फोन व्हायचा, आणि फोन उचलला नाही तर त्याने येऊन पाहायचं. मोबाइल खिशात ठेवा, टेबलावर नको. जड माल हलवायचं काम पाळी बदलण्याच्या सुमाराला ठेवा, तेव्हा माणसं दुप्पट असतात. सकाळी पाळी सुरू झाल्याझाल्या मात्र थेट जड मालाला हात घालू नका. झोपेतून उठल्यावर चकत्यांत पाणी भरलेलं असतं, त्या ताठ असतात; पहिला अर्धा-पाऊण तास हलकं काम करा, हातपाय मोकळे होऊ द्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये घाम फार जातो, हाताची पकड आधी ढिली होते. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या.

डिलिव्हरीवाल्यांची अडचण वेगळी. गाडीवर ड्रायव्हर आणि तुम्ही दोघंच, ड्रायव्हर म्हणतो "मी गाडी सोडू शकत नाही, पार्किंग नाही," आणि चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीन न्यायचं आहे, लिफ्ट बंद. पुढून कपडे टाकायचं (फ्रंट लोड) वॉशिंग मशीन ६० ते ७० किलोचं असतं. हे एकट्याचं काम कुठल्याच मोजमापाने होत नाही. निघण्याआधीच ग्राहकाला फोन करून मजला, लिफ्ट आणि जिन्याची रुंदी विचारा. लिफ्ट बंद असेल तर तिथूनच ऑफिसला कळवा आणि दुसरा माणूस येईपर्यंत माल खालीच ठेवा. ग्राहक चिडेल, ॲपवर तारे कमी देईल. तरीही.

कसं सांगायचं

"नाही जमणार" एवढंच म्हणून गप्प बसलात तर तो नकार ठरतो आणि समोरच्याला राग येतो. वजन, अडचण आणि पर्याय असं तिन्ही एका दमात सांगा:

"साहेब, हे खोकं ४२ किलोचं आहे आणि जमिनीवर आहे. एकट्याने उचललं तर माल पडेल नाहीतर माझी कंबर जाईल. एक माणूस पाच मिनिटं द्या, नाहीतर हँड पॅलेट मोकळी होईपर्यंत मी दुसरं काम करतो."

मुकादम वयाने मोठा आणि जुना असेल तर त्याच्याकडूनच शिकायला मागा: "मामा, हे कसं घ्यायचं? जरा हात लावता का?" जुनी माणसं अशा वेळी सहसा मागे हटत नाहीत, आणि त्यांनी एकदा हात लावला की ते खोकं दोघांचं आहे हे सगळ्यांसमोर ठरून जातं.

तरीही एकट्यानेच उचल असा हट्ट असेल तर भांडू नका, पण नोंद करून ठेवा. सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: "रॅक ७ चा माल प्रत्येकी ४२ किलो आहे, मी एकटा आहे, दुसरा माणूस मिळावा ही विनंती." तारीख-वेळ आपोआप राहते. लेखी आलं की बऱ्याचदा माणूसही येतो.

कायद्याचं पाठबळ किती आहे, तेही माहीत असू द्या. इजा होऊ शकेल इतकं जड वजन कुणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावता येणार नाही, असं कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ मध्ये म्हटलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. कामाची जागा इजेच्या धोक्यापासून मुक्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, त्यासाठी लागणाऱ्या साधनांचे पैसे कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र मिळालं पाहिजे. गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल तर तो मालकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्याने काही केलं नाही तर निरीक्षकाकडे जाता येतं. महाराष्ट्रात कारखान्यांच्या बाबतीत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे काम पाहतं.

तुमचं कामच चढ-उताराचं, भरणी-उतरणीचं असेल तर माथाडी मंडळात नोंदणीची चौकशी करा. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा १९६९ चा आहे आणि त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माथाडींची चळवळ आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. पूर्वी १०० किलोची पोती पाठीवर वाहिली जात. ती ५० वर आली त्यात या संघटनांचा आग्रह मोठा होता. वाशीच्या बाजारात ५० किलोहून जड गोणी आली तर आजही माथाडी हरकत घेतात. नव्या माणसाने हे लक्षात घ्यावं: जास्त वजनाला नाही म्हणणारे तुम्ही पहिले नाही, आणि तुमच्या आधीच्यांनी ते एकत्र म्हटलं म्हणून आज गोणीवर ५० छापलेलं आहे.

दोन-चार माणसांच्या छोट्या दुकानात यातलं फारसं कामाला येत नाही, तिथे बोलूनच मार्ग काढावा लागतो. तिथे ट्रॉलीचा आणि माल फोडून नेण्याचा आग्रह धरा.

दुखलंच तर

उचलताना कंबरेत कट्‌ झालं, उसण भरली, पायात कळ गेली, तर माल तिथेच टेकवा आणि थांबा. "एवढं संपवतो" म्हणून पुढची दोन खोकी उचलू नका. त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा आणि अपघात नोंदवहीत लिहून घ्या. डॉक्टरकडे गेल्यावर "कामावर वजन उचलताना झालं" हे शब्द केस पेपरवर लिहायला सांगा, तारीख-वेळेसह. बरेच लोक नुसतं "कंबर दुखते" सांगतात, आणि पुढे भरपाईच्या वेळी ते दुखणं घरचं ठरवलं जातं.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयसीखाली (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) असेल तर पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतात. पगाराची चिठ्ठी पाहा आणि विमा क्रमांक आजच लिहून ठेवा. कामावरच्या इजेमुळे घरी बसावं लागलं तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या लाभात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि मालकाने पाठवलेला अपघात अहवाल लागतो. ईएसआयसी नसेल तर भरपाई मालकाने द्यायची असते. पूर्वी ती १९२३ च्या कायद्याखाली मिळायची, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

साधी उसण असेल तर एक-दोन दिवस जड काम बंद ठेवा, पण आठवडाभर अंथरुणात पडून राहू नका. हळूहळू चालत राहिलेली कंबर लवकर बरी होते. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मालिशवाल्याकडे, हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नका. आणि पुढच्या गोष्टींत एक तासही थांबायचं नाही: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागेला बधिरपणा, पाऊल उचलता न येणं. मणक्याच्या खालच्या नसांवर दाब आल्याची ही लक्षणं आहेत, यात शस्त्रक्रियेला उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. १०८ ला फोन करा आणि मोठ्या हॉस्पिटलात जा. जांघेत गाठ आली, खोकताना ती फुगत असेल, तर तो हर्निया असू शकतो. तो दाखवा, आणि गाठ आत जात नसेल, दुखत असेल, उलट्या होत असतील तर त्याच दिवशी.

परत कामावर जाताना डॉक्टरकडून हलक्या कामाची चिठ्ठी घ्या, त्यात किती किलोपर्यंत आणि किती दिवस ते आकड्यात लिहून घ्या. "जड उचलू नये" एवढंच लिहिलेलं असलं तर जड म्हणजे किती, हे पुन्हा तोच सुपरवायझर ठरवतो. चिठ्ठीची एक प्रत ऑफिसला द्या, पोच घ्या, मूळ घरी ठेवा.